पासोडी, बारा फोटोंचा रोल आणि मिडियम फॉरमॅटचं भवितव्य

संशोधनाची तयारी करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: हस्तलिखितांचे, जुन्या कागदांचे फोटो काढायला कॅमेरा कोणता घेऊ? कुणीतरी ऐकलेलं असतं की मोठ्या संस्था 'मिडियम फॉरमॅट' वापरतात. किंमत कळली की चेहरा पडतो. आज या कॅमेऱ्याचा थोडा इतिहास बघू. कारण तुम्ही साधनं कशी गोळा करणार, याचं उत्तर त्यात आहे.

सुरुवात आपल्या बीड जिल्ह्यातून करू. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. गीतार्णव लिहिणाऱ्या या कवीने पंचीकरणाचा विषय चक्क कापडावर लिहिला. हे कापड सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. आता समजा, परवानगी मिळाली आणि तुम्हाला त्याचं छायाचित्र घ्यायचं आहे. दर इंचाला 300 पिक्सेल हवेत, म्हणजे छपाईलाही चालेल. गणित करून बघा. लांबी 480 इंच, रुंदी 48 इंच. एकूण दोनशे कोटींहून जास्त पिक्सेल झाले! एवढं एका फोटोत घेणारा कॅमेरा नाही. तुकडे करावे लागणार.

साध्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका फोटोत साधारण 20 बाय 13 इंच भाग मावतो. शेजारचे फोटो एकमेकांवर पाव भाग चढवून घेतले, तर सुमारे 160 फोटो लागतात. 102 मेगापिक्सेलच्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात हेच काम 34 फोटोंत होतं. म्हणजे जोड कमी, चुका कमी, आणि जुनं कापड उघडं ठेवण्याचा वेळही कमी. मिडियम फॉरमॅटच्या बाजूने यापेक्षा सरळ युक्तिवाद मला सुचत नाही. पण त्याच गणितात त्याचं दुखणंही आहे. 160 फोटो काढून संगणकावर जोडता येतातच की! फक्त वेळ जास्त लागतो.

मुळात मिडियम फॉरमॅट म्हणजे काय? कोडॅकने 1901 मध्ये 120 नंबरचा रोल आणला. 35 मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा तो रुंद. चौकोनी फोटो घेतले तर एका रोलवर बारा निघतात, म्हणून आपल्याकडे 'बारा फोटोंचा रोल' म्हणायचे. 1929 मध्ये जर्मनीत रोलायफ्लेक्स आला: वरची भिंग बघायला, खालची फोटोला. याच जातीचा जपानी याशिका मॅट 124 जी 1970 ते 1986 या काळात बनत होता, आणि भारतातल्या कितीतरी स्टुडिओंचा संसार असल्या कॅमेऱ्यांवर चालला. घरगुती वापराला आग्फा क्लिक थ्री होता, त्यालाही हाच रोल. फिल्मसाठी सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याचा 'इंदू' ब्रँड घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवेल.

माझा विषय जिल्ह्यातले फोटो स्टुडिओ. त्यासाठी एका तालुक्याच्या गावी गेले होते. स्टुडिओ बंद, मालक घरीच. विचारलं, "काका, जुन्या निगेटिव्ह असतील का?"

"हायत की, माळ्यावर. अर्ध्या भंगारवाल्याला दिल्या. त्यातली चांदी काढतेत म्हणं."

उरलेल्या पाकिटांत लग्नं होती, सत्कार होते, पासपोर्ट फोटो होते. एका चौकोनी निगेटिव्हवर दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया होत्या. खिडकीतल्या उजेडासमोर धरली तर चेहरे उलटे, पांढऱ्याचे काळे दिसत होते. पण दिसत होते. घरी आणून, साध्या कॅमेऱ्याने तिचा जवळून फोटो घेऊन रंग उलटवले, तेव्हा मागच्या फलकावरची अक्षरं वाचता आली. कामाचं नाव आणि साल मिळालं. पाकिटावर त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. 56 मिलिमीटरच्या निगेटिव्हचं हे देणं. अर्ध्या पाकिटांत काय होतं, ते मात्र आता कळणार नाही.

आता डिजिटलकडे या. जुन्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची फिल्मची पेटी काढून तिथे 'डिजिटल बॅक' बसवायची पद्धत 1990 च्या दशकात आली. फिल्मएवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग, म्हणून सेन्सर लहान झाले. आजच्या फुजीफिल्म जीएफएक्स मालिकेतला सेन्सर साधारण 44 बाय 33 मिलिमीटरचा आहे. 35 मिलिमीटरवाल्यापेक्षा दीडपटीहून मोठा, पण चौकोनी निगेटिव्हच्या निम्म्याहूनही लहान. नाव तेच राहिलं, माप बदललं. संज्ञांचा इतिहास तपासायची सवय लावा म्हणतात, ती यासाठी.

कंपन्यांचं काय झालं? कोडॅकने डिजिटल बॅक काढली, पुढे तो धंदा सोडला आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मामिया हळूहळू फेज वन या डॅनिश कंपनीकडे गेली. 1969 मध्ये ज्यांचे कॅमेरे चंद्रावर गेले, त्या स्वीडनच्या हॅसलब्लाडमध्ये आज ड्रोन बनवणाऱ्या चिनी डीजेआयचा मोठा वाटा आहे. उटीचा कारखानाही बंद पडला. दुसरीकडे, फुजीफिल्मने 2019 मध्ये जीएफएक्स 100 दहा हजार डॉलरच्या आसपास आणला, तेव्हा लोकांना तो स्वस्त वाटला! फेज वन तर आता हवाई नकाशे आणि वारसा जतन या कामांकडे वळली आहे. म्हणजे लग्न आणि फॅशनवाले 35 मिलिमीटरकडे गेले, तरी पासोडीसारख्या वस्तूंसाठी हा कॅमेरा तग धरेल असं दिसतं. किती वर्षं, ते कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात. कॅमेऱ्याच्या भवितव्याची काळजी कंपनीला करू द्या, आपण चित्राच्या भवितव्याची करू. बीड ज्या निजाम राज्यात होतं, तिथल्या राजा दीनदयाळांचे लाकडी कॅमेरे आज कोण वापरतं? त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह मात्र दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत आणि आजही त्यांच्यावरून चित्र काढता येतं. काच वाचायला उजेड पुरतो. डिजिटल बॅकची मूळ फाईल उघडायला त्या कंपनीचा प्रकार ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. हॅसलब्लाडची फाईल वेगळी, फेज वनची वेगळी, फुजीची वेगळी. कंपनी गेली, आधार तुटला, की तुमचे 34 फोटो माळ्यावरच्या पोत्यापेक्षा वाईट अवस्थेत. पोतं निदान उजेडात धरता येतं.

मग करायचं काय? कॅमेरा परवडेल तो घ्या, पण हे सोडू नका. मूळ फाईल ठेवाच, सोबत टिफमध्ये एक प्रत काढा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला वस्तू केवढी आणि शाई कुठल्या रंगाची ते कळणार नाही. फ्लॅश मारू नका. तारीख, ठिकाण, भिंग, उजेड आणि परवानगी कुणी दिली, हे वहीत लिहा. प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि एक संच ज्यांच्या घरची वस्तू आहे त्यांना द्या. पासोडी चारशे वर्षं टिकली ती जपणाऱ्यांमुळे, आपण तर परवा आलो.

आणि हो, सिनॉप्सिस लिहिताना 'छायाचित्रे' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. कोणत्या मापाच्या निगेटिव्ह, कोणाकडे, कोणत्या अवस्थेत, तेही लिहा. त्याआधी एक काम या सुट्टीत उरका. तुमच्या गावात बंद पडलेला एखादा स्टुडिओ असेल, तर त्या काकांना जाऊन भेटा. माळ्यावर काय आहे ते विचारा. भंगारवाला तुमच्या आधी पोचू शकतो.