लाल आकडा आणि रोजकीर्द

मंडळी, आपल्या नात्यागोत्यातली बरीच मुले हल्ली जावास्क्रिप्टवर पोट भरतात. नेमके काय करता, असे विचारले की म्हणतात, "स्टेट सांभाळतो." या 'स्टेट'चा इतिहास वाचायला घेतला आणि तो मला चक्क ओळखीचा वाटला!

स्टेट म्हणजे पानाची या क्षणीची स्थिती. खरेदीच्या यादीत किती वस्तू, किती निरोप वाचायचे राहिले, वगैरे. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा माफक होत्या. फॉर्म नीट भरला का ते पाहायचे, एखादे चित्र बदलायचे. पान बदलले की सगळे विसरायचे. खरा हिशेब दूर सर्व्हरवर.

२००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स आले. पान तेच, पण आतला मजकूर सारखा बदलता. २००६ च्या जेक्वेरीने तसे करणे सोपे केले, आणि इथेच गोची झाली. एकच आकडा पानावर चार ठिकाणी लिहिलेला, आणि चौघे जण तो बदलणार. वर्गातल्या फळ्यावर 'हजर ४७' आणि हजेरीपटात ४६ असले तर खरे कोणते मानायचे?

माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण वेगळे ठेवावे हा विचार ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्येच मांडला होता. २०१० साली बॅकबोन आणि अँग्युलरजेएस यांनी त्याच वळणाची शिस्त ब्राउझरमध्ये आणली. पण पसारा वाढला की एका बदलाने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, अशी साखळी सुरू होई.

याचे गाजलेले उदाहरण फेसबुकचे. नवा निरोप आल्याचा लाल आकडा दिसे, उघडून पाहावे तर काहीच नाही! दुरुस्ती केली की काही दिवसांनी दोष पुन्हा हजर. जिंग चेन यांनी २०१४ मध्ये एका परिषदेत हे सांगितले आणि 'फ्लक्स' नावाचा उपाय मांडला: माहितीची वाहतूक एकेरी ठेवा. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी 'रीडक्स'मध्ये तीच कल्पना आणखी आटोपशीर केली. सगळी स्थिती एका जागी. तिला कोणी थेट हात लावायचा नाही. काय घडले त्याची फक्त नोंद द्यायची. जुनी स्थिती आणि ती नोंद यांवरून नवी स्थिती ठरलेला नियम काढेल.

अहो, ही तर आपली रोजकीर्द आणि खतावणी! व्यवहार आधी रोजकिर्दीत, तिथून खतावणीत. शिल्लक कोणी मनाने खोडून लिहायची नाही; चूक झाली तर उलट नोंद करायची. म्हणूनच कोणत्याही दिवसाची शिल्लक पुन्हा काढता येते. अब्रामोव्ह यांनी पॅरिसमध्ये हेच करून दाखवले: नोंदी एकेक मागे घेत पान जुन्या स्थितीत नेले. पाचोली यांच्या १४९४ सालच्या ग्रंथात जमाखर्चाची ही शिस्त छापलेली आहे.

मात्र पानपट्टीच्या टपरीला पेढीची चोपडी कशाला? तुम्हाला रीडक्सची गरज नसेलही, असे खुद्द अब्रामोव्ह यांनीच २०१६ मध्ये लिहिले. २०१९ मध्ये रिअ‍ॅक्टमध्ये 'हुक्स' आले आणि लहानसहान स्थिती जिथल्या तिथे ठेवणे सोपे झाले. चारचौघांना लागते तेवढेच सामाईक वहीत, बाकीचे ज्याच्या त्याच्या खिशात.

एक खोटा लाल आकडा म्हणजे फार मोठे नुकसान नव्हे. पण आज बँकेतली शिल्लक आणि रेल्वेचे आरक्षणही आपण अशाच पानांवर पाहतो. आकडा दोनदा खोटा निघाला की तिसऱ्यांदा खऱ्यावरही माणसाचा विश्वास बसत नाही. आपली पोरे सांभाळतात ते हे. पुढच्या वेळी "स्टेट सांभाळतो" म्हणाली, तर हसू नका.