पानाबरोबर अक्षरेही

छापील पुस्तक एकदा बांधून बाहेर पडले की त्याला छापखान्याची गरज उरत नाही. मुंबईच्या निर्णयसागरात छापलेली पोथी काशीत उघडा की लंडनात, अक्षर तेच दिसते. खिळे वितळवून नवे ओतले तरी पानावरची शाई हलत नाही. ही गोष्ट इतकी स्वाभाविक की 1980 च्या दशकापर्यंत तिचा वेगळा विचार करण्याचे कोणाला कारणच पडले नाही. पान एकीकडे आणि त्याची अक्षरे दुसरीकडे, अशी फारकत संगणकाने केली. ती पुन्हा सांधण्यात वीस वर्षे गेली. त्या सांधण्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी 1982 साली अमेरिकेत ॲडोबी ही कंपनी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा छपाईयंत्राकडे पानाचे चित्र धाडीत नाही, आज्ञा धाडते: अमुक जागी जा, टाइम्सचा ‘ए’ अमुक आकारात काढ. पण हा टाइम्सचा ‘ए’ आणावयाचा कोठून? ॲपलच्या 1985 च्या लेझररायटर यंत्रात तेरा फॉन्ट कायमचे भरून ठेवलेले होते: टाइम्स, हेल्वेटिका व कुरियर यांची प्रत्येकी चार रूपे आणि चिन्हांचा सिम्बॉल. यजमानाघरी पाट-ताट आहेच, पाहुण्याने हात हलवीत यावे, असा हा व्यवहार. ओळखीच्या घरी तो चालतो.

1993 मध्ये पीडीएफ आले ते मात्र अनोळखी घरी जाण्यासाठीच. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, ही त्याची प्रतिज्ञा. तरीही तेरा जुने फॉन्ट आणि झाफ डिंगबॅट्स अशा चौदांना सवलत मिळाली: ते दस्तऐवजात घातले नाहीत तरी चालेल, वाचणाऱ्याच्या संगणकावर ते असतीलच. सवलतीचे कारण समजण्यासारखे आहे. टेलिफोनच्या तारेवरून फाइल धाडण्याचे ते दिवस. प्रत्येक किलोबाइट मोजून द्यावा लागे. इतर फॉन्ट बरोबर दिला नसेल, तर वाचकाचा प्रोग्रॅम त्याच रुंदीचे नकली अक्षर उभे करी. ओळी जागच्या जागी राहत; अक्षराचा चेहरा तेवढा परका. इंग्रजी पत्रात हे खपून जाई, गणिताच्या चिन्हांत खपत नसे आणि देवनागरीत तर मुळीच नाही.

आणि सवलतीचे चौदा तरी खरे राहिले काय? 1957 च्या हेल्वेटिकाच्या जागी पुढे अनेक ठिकाणी 1982 चा एरियल बसू लागला. दोघांची रुंदी सारखी, म्हणून फसगत ध्यानात येत नाही. ‘टी’चा माथा पाहावा: हेल्वेटिकात तो सरळ कापलेला, एरियलमध्ये तिरपा.

ह्या प्रश्नाशी सर्वांत जवळून झुंजले ते टेक वापरणारे. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची 1977 साली आलेली प्रुफे पाहून डोनाल्ड क्नुथ नाराज झाले, आणि त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम व कॉम्प्युटर मॉडर्न नावाचे टाइपही स्वतःच तयार केले. हे टाइप परक्याच्या यंत्रावर कोठून असणार? ते बरोबर न्यावेच लागत. आरंभी ते ठिपक्यांच्या रूपात जात व पडद्यावर पुसट दिसत. 1997 मध्ये त्यांची रेखाकृती रूपे सर्वांना मोफत मिळाली. ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठात हान थे थान्ह यांनी घडविलेल्या पीडीएफटेकमध्ये फॉन्टांची एक यादी असते. फाइलच्या नावाआधी कोनाची ‘<’ ही एक खूण असली तर वापरलेली तेवढीच अक्षरे पीडीएफात जातात, ‘<<’ असल्यास सबंध फॉन्ट जातो, आणि खूण नसेल तर नुसते नाव जाते. टेक लाइव्हमध्ये त्या चौदा फॉन्टांपुरती वेगळी कळही ठेवली आहे. फॉन्ट बरोबर नाहीत म्हणून प्रकाशक लेख परत धाडू लागले, तेव्हा पुष्कळ विद्वानांना ह्या खुणेचा प्रथम परिचय झाला!

वापरलेलीच अक्षरे धाडण्यात फाइल लहान राहते आणि टाइप करणाऱ्याचा मालही लुटला जात नाही. शिशाचे खिळे विकणारा, तुम्ही पाने किती छापली, हे विचारीत नसे. कारण छापलेल्या पानातून खिळा उपटून काढता येत नव्हता. पीडीएफातून तो काढता येतो. म्हणून फॉन्टच्या पोटातच परवानगीचा एक आकडा लिहिलेला असतो: घालू नका, केवळ पाहण्या-छापण्यापुरता घाला, किंवा खुशाल घाला. ही तडजोड आम्हांला न्याय्य वाटते. मात्र ‘घालू नका’ म्हणणाऱ्या टाइपात सार्वजनिक दस्तऐवज कोणी करूच नये.

चौदांची सवलत 2003 च्या पीडीएफ 1.5 मध्ये त्याज्य ठरली. 2005 साली दीर्घकाळ जपण्याच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ-ए हे आंतरराष्ट्रीय मानक झाले, तेव्हा नियम साफ झाला: पानावर दिसणारा प्रत्येक फॉन्ट पानाबरोबर असलाच पाहिजे.

आता आपल्या घरचे. युनिकोडात देवनागरी 1991 पासून आहे, पण मराठी छपाई पुढे कित्येक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेल्या फॉन्टांवर चालली. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निव्वळ कचरा दिसे. फॉन्ट पोटात घातलेली त्या काळची मराठी पीडीएफ आजही स्वच्छ वाचता येतात. पण त्यांतली एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की तोच कचरा पुन्हा हजर. ‘पाणीपुरवठा’ हा शब्द डोळ्यांसमोर असून शोधणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारे कोष्टक पीडीएफात ठेवता येते. पीडीएफ-एच्या पहिल्या भागातील ‘ए’ पातळीला ते लागते, ‘बी’ पातळीला लागत नाही. जुन्या मराठी पानांसाठी हे कोष्टक फॉन्टागणिक वेगळे करावे लागते, कारण एकाच रोमन अक्षराच्या जागी एका फॉन्टात ‘क’ असतो, तर दुसऱ्यात एखादी मात्रा.