दक्षिण काशी वाई

महाबळेश्वरचा डोंगर उतरून कृष्णा सपाटीस लागते न लागते, तोंच तिच्या काठीं सातारा जिल्ह्यांतील वाई हें क्षेत्र लागतें. 'दक्षिण काशी' म्हणविणारीं गांवें आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. तेव्हां केवळ उपाधीवर मी भार देत नाहीं. परंतु वाईनें ती दोन वाटांनीं मिळविली, आणि त्या वाटा नेहमींच एका दिशेस गेल्या नाहींत.

पहिली वाट घाटाची. रास्त्यांपैकीं आनंदराव भिकाजींनीं १७५७ सालीं काशीविश्वेश्वराचें आणि गणपतराव भिकाजींनीं १७६२ सालीं महागणपतीचें देऊळ बांधिलें. गणपतीची मूर्ति एवढी प्रचंड कीं लोकांनीं त्याला 'ढोल्या' करून टाकलें! देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. महापुराचें पाणी तीवर दुभंगावें, ही योजना. नदीला माता म्हणावयाचें आणि तिच्या रागाचाहि हिशेब ठेवावयाचा, हा मला तरी भक्तीचाच भाग वाटतो. येथें तिला कृष्णाबाई म्हणतात, आणि घाटाघाटावर पाळीपाळीनें तिचा उत्सव होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं, १६५९ सालीं, शिवरायांच्या यशासाठीं केलेल्या नवसाशीं परंपरा त्याचा संबंध जोडते. गुरु कन्या राशीस आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीस येते, ही भाविकांची श्रद्धा; तें कन्यागत पर्व २०१६ सालीं आलें होतें.

दुसरी वाट ग्रंथाची. काशी म्हणजे स्नान, तशीच काशी म्हणजे धर्मनिर्णय. नारायणशास्त्री मराठे, पुढें संन्यासाश्रमांत केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेनें वाईला हा अधिकार दिला. १९१७ सालीं विनोबा त्यांच्यापाशीं अध्ययनास आले. लक्ष्मणशास्त्री जोशी तर त्या पाठशाळेंतच घडले. येथें खरा पेंच पडला. महात्माजींनीं १९३२ सालीं येरवड्यास उपोषण आरंभिलें, आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे काय, हा प्रश्न शास्त्र्यांच्या दारीं आला. सनातनी पंडितांनीं होकार दिला. लक्ष्मणशास्त्र्यांनीं त्याच ग्रंथांच्या बळावर नकार दिला. आणि १९३३ सालीं देवदास गांधी व राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचें पौरोहित्यहि केलें. स्वजनांचा रोष पत्करून केलेल्या या कर्माला मी तीर्थस्नानाहून कमी पुण्याचें मानीत नाहीं.

मग पाठशाळेनें 'धर्मकोश' हातीं घेतला. वचनें विषयवार, आणि तींहि कालक्रमानें लावावयाची, ही त्याची पद्धति. वरवर ती रुक्ष दिसते. परंतु एकाच विषयावरील वचनें अशीं ओळीनें मांडलीं, कीं कोणता नियम केव्हां आला आणि केव्हां पालटला, हें वाचणाराला आपोआप दिसूं लागतें. धर्म अनादि व अचल म्हणणाराला याहून अवघड ग्रंथ दुसरा नाहीं. आणि तो कोणा पाखंड्यानें नव्हे, संध्यावंदन करणाऱ्या शास्त्र्यांनीं आरंभिला!

१९६० नंतर मराठी विश्वकोशाचा संसारहि लक्ष्मणशास्त्र्यांनीं याच गांवीं थाटला. ढोल्या गणपतीच्या दर्शनास आलेल्या किती यात्रेकरूंना त्याची वार्ता असते, कोण जाणे.