बालकांतील अवटुन्यूनता आणि जीवनसत्त्वांचा अभाव : उपचारांच्या इतिहासातील वेळेचा प्रश्न

प्रस्तावना

मुलाची उंची वाढेनाशी झाली, त्वचा कोरडी पडली, मूल सुस्त राहू लागले, की बालरोगतज्ज्ञ रक्ताच्या एकाच नमुन्यातून अवटू ग्रंथीचे कार्य आणि जीवनसत्त्वांची पातळी अशा दोन्ही गोष्टी तपासून घेतात. अवटू म्हणजे व्यवहारातील थायरॉइड. अहवालाच्या एकाच कागदावर टी. एस. एच. वाढलेले आणि त्याखाली ‘ड’ किंवा ‘ब-१२’ जीवनसत्त्व उणे, असे आकडे शेजारी शेजारी येतात. पालकांना ही एकाच दुखण्याची दोन नावे वाटणे स्वाभाविक आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र हे दोन अभाव निरनिराळ्या वाटांनी उलगडत गेले आहेत. दोहोंवरील उपाय स्वस्त आहेत आणि ते पुष्कळ आधी सापडले. तरीही उपाय सापडणे आणि तो योग्य वयात मुलापर्यंत पोहोचणे यांत दीर्घ अंतर राहिले. प्रस्तुत निबंधात या अंतराचा मागोवा घेतला आहे.

ग्रंथीच्या कार्याची ओळख

गलगंड आणि जडवामनता यांचा काही संबंध असावा, हे आल्प्स पर्वताच्या परिसरात सोळाव्या शतकातच पॅरासेल्ससच्या ध्यानात आले होते. ग्रंथीचे कार्य मात्र पुढे तीनशे वर्षे अज्ञात राहिले. इ. स. १८५० मध्ये लंडनचे शल्यवैद्य थॉमस कर्लिंग यांना दोन जडवामन बालिकांच्या शवविच्छेदनात अवटू ग्रंथी मुळातच नसल्याचे आढळले. ही नोंद दुर्लक्षितच राहिली म्हणावयास हवे, कारण पुढील तीन दशकांत शल्यवैद्य ही ग्रंथी निरुपयोगी समजून समूळ काढून टाकीत होते.

या समजाला धक्का दिला तो बर्न येथील थिओडोर कोखर यांनी, आणि तोही स्वतःच्याच शस्त्रक्रियेचे परिणाम तपासून. इ. स. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. शस्त्रक्रियेपूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण इतक्या सारख्या दिसत की लोकांची गफलत होई. काही वर्षांनी धाकटी बहीण वयात आलेली, उंच झालेली होती, तर थोरली ठेंगणी, सुजट चेहऱ्याची आणि मंद झाली होती. इ. स. १८८३ मध्ये कोखर यांनी अशा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत सोडली. इ. स. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ग्रंथीविषयक कार्यासाठी मिळाले. आपल्या हातून झालेली हानी जाहीरपणे मांडणारा शल्यवैद्य त्या काळी विरळाच होता.

उपाय त्यानंतर आठच वर्षांत हाती आला. इ. स. १८९१ मध्ये न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि उपचार चालू ठेवून १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, ग्रंथी तोंडावाटे दिली तरी गुण येतो हे सिद्ध झाले आणि मुलांवरील उपचार सुकर झाले. उपचारापूर्वीची व नंतरची अशी मुलांची छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकांत झळकू लागली. पोट आत गेलेले, केस मऊ झालेले, इंचाइंचाने वाढणारे मूल त्यांत दिसे. ते मूल पुढे शाळेत काय करू शकले, हे छायाचित्रावरून कळत नसे. इ. स. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

गिलगिट ते कुन्नूर

हिंदुस्थानातील या इतिहासाच्या केंद्रस्थानी रॉबर्ट मॅकॅरिसन आहेत. इ. स. १९०१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झालेल्या या डॉक्टरांची नेमणूक चित्राळ व गिलगिट या दुर्गम सरहद्द भागात झाली. इ. स. १९०८ मध्ये त्यांनी तेथील २०३ जडवामन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुजट, खुजे रुग्ण एका प्रकारचे आणि मूकबधिर, ताठर अवयवांचे रुग्ण दुसऱ्या प्रकारचे, हा त्यांनी दाखविलेला भेद अभ्यासकांनी पुढेही मान्य केला.

कारणमीमांसेत मात्र ते चुकले. एकाच पाण्याच्या प्रवाहावर वरून खाली वसलेल्या खेड्यांत खाली जावे तसे गलगंडाचे प्रमाण वाढत जाते, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्यावरून त्यांनी घाण व जंतू यांना दोषी धरले. पाण्यातील गाळ त्यांनी स्वतः पिऊन पाहिला आणि स्वयंसेवकांनाही पाजला. अवटू ग्रंथीत आयोडीन असते हे बाउमान यांनी इ. स. १८९५-९६ मध्येच दाखवून दिले होते, परंतु तो काळ जंतुशास्त्राच्या दिग्विजयाचा होता. एखादी गोष्ट नसल्यामुळेही रोग होऊ शकतो, ही कल्पना पचनी पडण्यास वेळ लागला. हेच मॅकॅरिसन पुढे कुन्नूरला अभावजन्य रोगांच्या संशोधनाचे प्रवर्तक झाले आणि १९२१ मध्ये त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ निघाला. त्यांची कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. अवटू आणि जीवनसत्त्वे हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते, तरी त्यांतील साम्य त्याला उमगण्यास निम्मे आयुष्य जावे लागले!

नाशिकचा मुडदूस आणि वेल्लोरची अर्भके

मुडदूस हा थंड, धुरकट युरोपीय शहरांचा रोग मानला जाई. इ. स. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा यांनी नाशिक येथील निरीक्षणे प्रसिद्ध केली, ती या समजाला छेद देणारी होती. निकृष्ट, एकसुरी अन्नावर राहून उन्हात राबणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांतील मुले या रोगापासून मुक्त होती. उलट पडदा पाळणाऱ्या मुसलमान व वरिष्ठ हिंदू कुटुंबांत, तेथील अन्न चांगले असूनही, मुडदूस आढळत होता. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी इ. स. १९१९ मध्ये अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा करून दाखविला होता. जे त्यांना दिव्याने करावे लागले, ते नाशिकच्या शेतांत ऊन फुकट करीत होते. रोगाचे कारण धर्मात वा जातीत नसून घराच्या रचनेत आणि स्त्रीच्या वावरावरील बंधनांत होते, हे या अभ्यासाचे सामाजिक मोल मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही.

‘ब-१२’ ची कथा अधिक अलीकडची आहे. हे जीवनसत्त्व इ. स. १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाले. इ. स. १९६२ मध्ये वेल्लोर येथून एम. जाधव आणि सहकाऱ्यांनी सहा अर्भकांचे वर्णन केले. मातांमध्ये ‘ब-१२’ चा अभाव होता आणि मुले केवळ अंगावर पीत होती. जन्मानंतर काही महिने ती चांगली वाढली. मग ती निर्विकार झाली, हसणे, मान धरणे यांसारख्या शिकलेल्या गोष्टी विसरू लागली. जोडीला पांडुरोग आणि त्वचेवर काळसर डाग होते. ‘ब-१२’ देताच त्यांच्यात झपाट्याने सुधारणा दिसली. निर्विकार, सुस्त मूल हे चित्र अवटुन्यूनतेशी इतके जुळते की रक्त तपासल्याशिवाय दोहोंत भेद करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जावे.

तीन महिन्यांची मर्यादा

मुडदुसाने वाकलेली हाडे जीवनसत्त्व मिळाल्यावर पुष्कळ अंशी सरळ होतात. जन्मजात अवटुन्यूनतेत मेंदूला ही सवलत नाही. इ. स. १९७२ मध्ये अमेरिकेत क्लाइन आणि सहकाऱ्यांनी उपचाराच्या वयानुसार मुलांचे बुद्ध्यांक मांडले. तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ८९, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा ७० च्या आसपास आणि त्यानंतरच्यांचा सुमारे ५४ होता. औषध तेच होते. शोकांतिका अशी की पहिल्या तीन महिन्यांत हे मूल बहुधा आजारी दिसतच नाही. ते कमी रडते, पुष्कळ झोपते, आणि घरातील वडीलधारी माणसे त्याला ‘गुणी बाळ’ म्हणतात.

यावर मार्ग निघाला तो कॅनडात. क्वेबेक येथील झां ड्युसो यांनी टीपकागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबातून थायरॉक्सिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अनेक संपन्न देशांत ती लवकरच नित्याची झाली. मुंबईत मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नवजातांची अशी तपासणी केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाच केंद्रांवरील, सुमारे एक लाख नवजातांच्या पाहणीत पुढे १,१३० मुलांमागे एक असे प्रमाण आढळले. पाश्चात्त्य देशांतील प्रारंभीच्या आकड्यांहून ते बरेच अधिक आहे.

मीठ आणि गोळी

आयोडीनच्या अभावाचा प्रश्न भारतात मिठाने हाताळला. इ. स. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी यांच्या मार्गदर्शनाखाली तीन विभाग करण्यात आले. दोन विभागांना आयोडीनयुक्त आणि एका विभागाला साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांच्या गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले, तिसऱ्यातील तसेच राहिले. इ. स. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या वृत्तांतात देव आणि करमरकर ही मराठी नावेही आहेत. इ. स. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढील वाट सरळ नव्हती. साध्या मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मिठागरांतील लहान उत्पादकांचे हित आणि मिठाच्या स्वातंत्र्याची दांडीपासूनची स्मृती या वादात वारंवार पुढे आली. तो आक्षेप केवळ भावनिक म्हणून झटकून टाकणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. मात्र मिठाने आयोडीनचा अभाव दूर होतो. ज्या मुलात ग्रंथीच तयार झालेली नाही, त्याला थायरॉक्सिनची गोळीच लागते.

ही गोळी देण्याची रीतही हळूहळू कळत गेली. लोहाच्या गोळीमुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते हे १९९२ मध्ये आणि कॅल्शियममुळे घटते हे २००० मध्ये दाखविण्यात आले. ज्या मुलाला अवटुन्यूनतेबरोबर पांडुरोग वा ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आहे, त्याला ही औषधे एकाच चमच्यातून दिली तर एका अभावाचा उपचार दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन आणि किमान चार तासांनी लोह व कॅल्शियम, असा क्रम रूढ झाला. तान्ह्या मुलासाठी गोळी कुटून थोड्या पाण्यात वा आईच्या दुधात कालवून देतात.

गोवा शासनाने २००८ मध्ये नवजात तपासणीची योजना हाती घेतली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याच्या यादीतील अभावजन्य विकारांत तीव्र पांडुरोग, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, मुडदूस, तीव्र कुपोषण आणि गलगंड यांचा समावेश आहे. हे पाचही विकार शाळेत किंवा अंगणवाडीत आलेल्या पथकाला मुलाकडे पाहून ओळखता येतात. जन्मजात अवटुन्यूनताही त्याच यादीत आहे, पण ती वेगळ्या गटात, राज्यांनी आपापल्या सोयीनुसार घ्यावयाच्या विकारांत.