झाडा आणि झडती

पंचनामा हा शब्द आता एकट्या पोलिसांचा राहिलेला नाही. गारपीट झाली की तलाठी द्राक्षबागेचा पंचनामा करतो, आणि वर्तमानपत्रं महापालिकेच्या कारभाराचा रोजच करतात. पण या कागदाची खरी चव घ्यायची तर घरझडतीचा पंचनामा वाचावा. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ अशी सुरुवात, मग घराची चतुःसीमा, मग वस्तू: ‘एक पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी बांगडी, जुनी वापरती, अंदाजे किंमत रुपये अमुक.’ शेवटी पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील आणि पंचनामा किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला याची नोंद.

‘पिवळ्या धातूची’ वाचून लोक हसतात. मला ती भाषा प्रामाणिक वाटते. सोनं कसाला लावून कुणी पाहिलेलं नाही, मग सोनं कसं म्हणणार? दिसलं तेवढंच लिहायचं. अडचण निराळी आहे. बांगडीचं वजन लिहिलेलं नसेल, तर उद्या त्या वर्णनात पितळेची बांगडीही चपखल बसते.

आता कुळाकडे वळू. पंच आपला आणि नामा फारसी, असा हा संकर. त्याच्या आधी मराठी मुलखात महजर होता. वतनाचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा बसायची, निकालाचा महजर व्हायचा आणि माथ्यावर ‘हाजिर मजलस’ म्हणून हजर असलेल्यांची नावं यायची. ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करत. पाटील नांगर काढी. महजर आणि हाजिर ही दोन्ही एकाच अरबी धातूची लेकरं. कागदाला वजन असायचं ते हजेरीचं, लेखणी कुणाची हे दुय्यम. गंमत अशी की पंचनाम्यानं आपल्याकडून महजर हुसकावला, पण कर्नाटक-केरळचे पोलीस जप्तीच्या कागदाला आजही महजरच म्हणतात.

इंग्रजांनी जी फौजदारी प्रक्रिया इथे बसवली, तिच्या मागे त्यांच्या घरच्या भांडणांचीही आठवण होती. 1763 मध्ये लंडनला जॉन विल्क्स या खासदाराच्या घरात सरकारी माणसं शिरली आणि त्याचे कागद उचलून घेऊन गेली. कुणाला पकडायचं त्याचं नाव वॉरंटमध्ये नव्हतं. विल्क्सनं दावा लावला तेव्हा न्यायाधीशांनी जे बोलून दाखवलं, त्यात नेलेल्या वस्तूंची यादीच केलेली नाही हा आक्षेपही होता.

हिंदुस्थानात या अविश्वासाला आणखी धार आली. 1872 च्या पुरावा कायद्यानं पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला बंदी केली. सरकारच आपल्या पोलिसाच्या शब्दावर विसंबायला तयार नव्हतं! त्याच स्वभावाचं 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 103: झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, सापडलेल्या वस्तूंची आणि त्या कुठे सापडल्या त्या जागांची यादी त्यांच्यासमोर व्हावी, तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि घरमालकानं मागितली तर तिची नक्कल त्याला द्यावी. पंचनामा हा शब्द त्या इंग्रजी कलमात नव्हता. तो आपल्या कचेऱ्यांनी त्याला चिकटवला.

वस्तूला जागेची आणि घरमालकाची गाठ पडली की काय होतं, ते 1908 मध्ये दिसलं. टिळकांना मुंबईत पकडल्यावर पुण्याच्या घराची झडती झाली आणि तिथे स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेलं एक कार्ड मिळालं. खटला होता ‘केसरी’तल्या लेखांवर, पुरावा म्हणून पुढे आलं कार्ड. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती नावं टिपून ठेवली होती, असं टिळकांनी ज्युरीला सांगितलं. ज्युरी सातास दोन अशी फुटली आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

1973 च्या संहितेत हेच कलम 100 झालं, ‘प्रतिष्ठित’ला ‘स्वतंत्र’ची जोड मिळाली, आणि वस्तीतलं कुणी येईना तर बाहेरचा पंच चालेल अशी सवलतही. कागदावर स्वतंत्र, व्यवहारात ठाण्यासमोरचा चहावाला. एकच माणूस दहा खटल्यांत पंच, आणि कोर्टात उभा राहिला की फितूर: ‘साहेबांनी सही मागितली, मी केली.’ याची दुसरी बाजूही आहे. कामधंदा सोडून कोर्टाच्या तारखा कोण भरणार? त्यात सर्वोच्च न्यायालयातल्या पूरनमल खटल्यापासून कायदा असा की झडतीत खोट राहिली म्हणून मिळालेला पुरावा बाद होत नाही. मग यादी नीट करायची घाई कुणाला?

यादी झाल्यावरचा प्रवास मुद्देमाल खोलीत संपतो, किंवा संपत नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातचं एक प्रकरण आलं. त्यात ठाण्यातल्या मुद्देमालाच्या जागी बनावट वस्तू ठेवल्याचे आरोप खुद्द पोलिसांवर होते. न्यायालयानं सांगितलं की तपशीलवार पंचनामा करा, फोटो काढा आणि माल वर्षानुवर्षं ठाण्यात न ठेवता परत करा. ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या मोटारसायकली अजून त्या निकालाची वाट पाहत उभ्या आहेत.

1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत क्रमांक पुन्हा 103 वर आला. कलम 105 नं त्यात मोबाइलची भर घातली: झडती, यादी आणि पंचांच्या सह्या, सगळ्याचं चित्रण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. महजराची हजेरी आता कॅमेऱ्याकडे आली. कॅमेरा फितूर होत नाही, हे खरं. पण तो कुठे धरला होता, हे धरणाऱ्याच्या हातात.

मराठीत झडतीला एक जोडीदार आहे: झाडा, म्हणजे हिशेबाचा खुलासा. झाडाझडती म्हणताना आपण दोन्ही एकाच्याच माथी मारतो, ज्याचं घर उलटंपालटं होतं त्याच्या. यादीच्या कलमानं झाडा मागितला आहे तो झडती घेणाऱ्याकडे.

हे मला शिकवलं ते शेजारच्या आजींनी. त्यांच्या पुतण्याच्या भानगडीत पोलीस आले तेव्हा पंच म्हणून मलाच हाक मारली. कपाटातले डबे निघाले, सात नग लिहिले गेले, मी सही ठोकली. हवालदार निघाले तशा आजी म्हणाल्या, ‘‘अहो, लाँड्रीवालासुद्धा चिठ्ठी देतो.’’ नक्कल ठाण्यात मिळेल, असं उत्तर आलं. दोन खेपा घालूनही ती मिळाली नाही.

बऱ्याच वर्षांनी कोर्टाच्या हुकमानं माल परत आला. आजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं एक जुनं पान काढलं. त्याच रात्री पाठीमागे पेन्सिलीनं त्यांनी सातही नग उतरवून ठेवले होते. माझ्या सहीच्या कागदावर होती ‘पिवळ्या धातूची बांगडी’. आजींच्या पानावर तिच्यापुढे तोळे आणि गुंजा होत्या.