‘बॉयकॉट’ आणि आपला बहिष्कार

रोज कुणाचा ना कुणाचा ‘बॉयकॉट’ चालू असतो. कधी सिनेमाचा, कधी देशाचा. पण बॉयकॉट हे आधी एका माणसाचं आडनाव होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

चार्ल्स बॉयकॉट. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी. 1880 मध्ये खंडात सूट मागणाऱ्या कुळांना तो जमिनीवरून काढायला निघाला, तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहारच तोडला. मजूर येईनात, दुकानदार माल देईना, टपालही बंद. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई! पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले म्हणतात. गावच्या पाद्रीला वाटलं, यासाठीचा जुना इंग्रजी शब्द कुळांना जड जाईल, म्हणून त्याने ‘बॉयकॉट करणे’ सुचवलं, असं रेडपाथ या पत्रकाराने लिहून ठेवलंय. काही महिन्यांत ते क्रियापद झालं.

तिथे कुळांनी कारभाऱ्याला वाळीत टाकलं. आपल्याकडे मात्र वाळीत टाकणं बहुतेक वेळा वरून खाली आलं. टिळकांनी 1905 नंतर ‘बहिष्कार’ विलायती मालावर वळवला खरा, पण 1927 मध्ये बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. म्हणजे कोण, हे सांगायला नको.

आता नाशिक. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. त्याच वर्षाअखेर लंडनला गोलमेज परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी दिलेल्या निवेदनात बहिष्कार घालणं हा गुन्हा ठरवा, अशी मागणी होती. मसुदा घेतला होता ब्रह्मदेशच्या 1922 च्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून. चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावर बसला, एवढ्यावरून वाण्याचं दुकान आणि रस्ता बंद व्हायचा. मंदिराच्या दारापेक्षा हे रोजचं होतं.

ती मागणी महाराष्ट्रात कायदा व्हायला 2016 उजाडलं. अंमल 3 जुलै 2017 पासून. त्यामागेही नाशिक आहेच. 2013 मध्ये अंनिसचं जातपंचायतीला मूठमाती अभियान इथूनच सुरू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या ओळखीत कुणाला समाजाने वाळीत टाकलं असेल, तर तक्रार पोलिसांत करता येते. पंचांकडे जायची गरज नाही.