यंत्र खिडकीतून आलं, पण चालवलं कुणी?

आज मोठं पुस्तक लिहायचं तर स्क्रिव्हनरसारखी सॉफ्टवेअरं आहेत. प्रकरणं सुटी ठेवा, मागेपुढे हलवा, हवी तितकी खाडाखोड करा. सगळं एकट्याने जमतं. पण याची सुरुवात कशी झाली माहितीये?

१९६८, लंडन. लेन डेटन दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बहल्ल्यावर कादंबरी लिहीत होते. बदल झाला की त्यांच्या सहायक एलेनॉर हँडली अख्खं प्रकरण पुन्हा टाइप करायच्या, तेही डझनावारी वेळा. आयबीएमच्या तंत्रज्ञाने हे ऐकलं आणि नवं यंत्र सुचवलं: एमटी/एसटी. चुंबकीय टेप जोडलेला टाइपरायटर, पडदा नाहीच. वजन सुमारे ९० किलो. खिडकी काढून क्रेनने घरात घ्यावं लागलं!

मजकूर टेपवर राहायचा. चुकलं तेवढंच दुरुस्त करायचं, बाकीचं यंत्रच पुन्हा टाइप करायचं. खुणा घालून हवा तो भाग शोधताही यायचा. 'बॉम्बर' १९७० साली आली. वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली बहुधा पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते.

लिहिलेली डेटन यांनी, बरोबर. पण यंत्रावर बसायच्या हँडलीबाई. मॅथ्यू किर्शनबॉम या अभ्यासकाने ही हकीकत नोंदवली, म्हणून त्यांचं नाव तरी आपल्याला कळलं.

आपल्याकडे विद्यापीठांच्या आसपास प्रबंध टाइप करून देणाऱ्यांनी किती जणांच्या नावामागे 'डॉ.' लावलं असेल! त्यांची नोंद कुठेय? तुम्हाला असं कुणी आठवत असेल तर खाली जरूर लिहा.